जाफराबाद उर्फ चांदोर

चांदवडच्या टांकसाळीत पडलेला जुना रुपया पाहिला तर पहिल्यांदा जाणवतं ते हे, की तो धड वाचता येत नाही. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. त्यामुळे ठशावर कोरलेल्या फारसी मजकुराचा एखादा तुकडाच नाण्यावर उतरतो, बाकीचा काठाबाहेर जातो. एका नाण्यावर नावाची सुरुवात सापडते, दुसऱ्यावर शेवट. तीन-चार नाणी शेजारी ठेवून तुकडे जुळवले की टांकसाळीचं नाव मिळतं: 'जाफराबाद उर्फ चांदोर'.

त्यातला 'उर्फ' मला फार आवडतो. सातबाऱ्यावर किंवा कोर्टाच्या समन्सवर असावा तसा. दरबारी नाव जाफराबाद, लोकांच्या तोंडातलं चांदोर, म्हणजे आजचं चांदवड. ठसा कोरणाऱ्याने दोन्ही ठेवली.

आता हे गाव कोणाचं? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात होळकरांचं. मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाताना दिसणारा डोंगर, रेणुकामातेचं देऊळ, डोंगरातली जैन लेणी, आणि गावात होळकरांचा रंगमहाल. देवळाला आणि वाड्याला अहिल्याबाईंचं नाव जोडलेलं आहे. काशीपासून सोमनाथपर्यंत देवळं उभारणारी, शिवभक्त म्हणून ओळखली जाणारी राज्यकर्ती. आणि तिच्या घराण्याच्या गावात पडणाऱ्या रुपयावर नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं, लिपी फारसी. शाह आलमच्या नावाच्या रुपयांवर त्याला 'बादशाह गाझी' म्हटलेलं असतं. गाझी म्हणजे धर्मासाठी लढणारा. मागच्या बाजूला 'जुलूस मैमनत मानूस', म्हणजे त्याच्या मंगल राज्यारोहणाचं अमुक वर्ष.

फोनवर इतिहासाची पानं चाळणाऱ्या कोणालाही पुढचं माहीत आहे. असं नाणं एखाद्या ग्रुपवर टाका, अर्ध्या तासात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, बघा, हिंदू राजेसुद्धा मोगलांचं नाव मिरवत होते. दुसरा लगेच महेश्वरच्या टांकसाळीचा रुपया टाकतो. त्यावर शिवलिंग आहे, बेलाचं पान आहे. तो म्हणतो, बघा, हे खरं नाणं. मग कोणीतरी मुहम्मद घोरीचं लक्ष्मीचं नाणं आणतो, कोणी अकबराचं रामसीतेचं. दोन्हीही अस्सल आहेत. चारही नाणी अस्सल असताना भांडण मात्र संपत नाही. कारण सगळेच नाण्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून एकच प्रश्न विचारतात: तुझा धर्म कोणता?

माझा आक्षेप या वाचनपद्धतीला आहे. कवितेतला 'मी' म्हणजे थेट कवी, असं आता शाळेतही कोणी शिकवत नाही. नाण्याच्या बाबतीत मात्र आपण अजून तिथेच आहोत. नाण्यावरचं चिन्ह म्हणजे राजाच्या मनातली श्रद्धा, असं सरळ धरून चालतो. प्रत्यक्षात नाणं हा बऱ्याच जणांनी मिळून केलेला मजकूर आहे. राजा, टांकसाळ चालवणारा, ठसा कोरणारा, चांदी आणून देणारा सावकार आणि शेवटी बाजारातला सराफ, या सगळ्यांचा त्यात हात असतो. यांत सराफाचं मत सर्वात जड.

'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो, तो बट्टा सराफकट्ट्यावरचा. गावोगावच्या टांकसाळींचे रुपये तेव्हा एकाच बाजारात फिरत. चांदवडी रुपया त्यातलाच एक. सराफ नाणं वाजवून, पारखून बघायचा, आणि ओळखीचं नसेल किंवा झिजलेलं असेल तर दर्शनी किमतीतून काही कापून घ्यायचा. ती कपात म्हणजे बट्टा. अशा बाजारात नवं तोंड घेऊन येणाऱ्या नाण्याचं कठीणच. मोगली रुपयाचं रूप लोकांच्या डोळ्यांत आणि हातांत बसलेलं होतं, म्हणून ज्याला रुपया चालवायचा होता त्याने ते रूप उचललं. होळकरांनी, शिंद्यांनी, राजस्थानातल्या संस्थानांनी, इतकंच काय, ईस्ट इंडिया कंपनीनेसुद्धा. १८३५मध्ये एकसारखी नाणी येईपर्यंत कंपनीचे रुपयेही शाह आलमच्या नावाने पडत होते. तो तर १८०६मध्येच वारला होता. त्याआधी १७८८मध्ये गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले. ज्या बादशहाला स्वतःचे डोळे वाचवता आले नाहीत, त्याचं 'गाझी' हे बिरुद शेकडो मैलांवर कोणाची तरी चांदी खरी असल्याची हमी देत होतं. यात होळकरांचं शरण जाणं शोधणं म्हणजे पत्राच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक' लिहिणाऱ्याला खरोखर नोकर समजण्यासारखं आहे.

पण मग 'हा सगळा बाजाराचा मामला, धर्माचा संबंधच नाही' असं म्हणून मोकळं व्हायचं का? ते मला तितकंच आळशी वाटतं. महेश्वरच्या रुपयावरचं लिंग आणि बेलपत्र कोणीतरी विचारपूर्वक ठेवलं आहे. इंदूरच्या, म्हणजे नाण्यावरच्या मल्हारनगरच्या रुपयावर सूर्याचा चेहरा आहे. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, त्याला मार्तंड म्हणतात, आणि मार्तंड म्हणजे सूर्य. तेव्हा चिन्हं निरर्थक नाहीत. ती कुठे बसवली आहेत ते मात्र पाहायला हवं. बादशहाचं नाव आणि त्याची राजवटीची वर्षं यांनी नाण्याचा मुख्य मजकूर व्यापलेला आहे, आणि बेलपत्र त्या अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत टाकसाळीची खूण म्हणून येतं. फारसी न येणारा शेतकरी किंवा बैलगाडीवाला नाणं ओळखायचा ते या खुणेवरून. म्हणजे एकाच चकतीवर दोन वाचक गृहीत धरलेत. एकाला अक्षर दिसतं, दुसऱ्याला बेलाचं पान. त्यातला एकच खरा, असं म्हणायला नाण्यात काही आधार नाही.

याच घराण्यातलं आणखी एक नाणं या बाबतीत फार बोलकं आहे. १८०६मध्ये, शके १७२८मध्ये, यशवंतराव होळकरांनी रुपया पाडला तो संस्कृतात, देवनागरी अक्षरांत. आता फारसी गेली, बादशहा गेला, असं वाटून आपण पुढे वाचतो, तर एका बाजूला म्हटलंय की इंद्रप्रस्थात बसलेल्या चक्रवर्ती राजाच्या कृपेने ही मुद्रा पाडली आहे. दुसऱ्या बाजूला लक्ष्मीकांताच्या चरणकमळावर ज्याचं मन भुंग्यासारखं रमलंय, त्या यशवंताची ही मुद्रा. इंद्रप्रस्थ म्हणजे दिल्ली, आणि चक्रवर्ती म्हणजे तोच म्हातारा, आंधळा शाह आलम. भाषा बदलली, देव आला, तरी चौकट तीच राहिली. ज्यांना लिपीवरून निष्ठा ठरवायची असते त्यांनी हे नाणं जवळ बाळगावं.

इथे कोणी म्हणेल, अठरावं शतक गोंधळाचंच होतं, मोडकळीला आलेल्या साम्राज्यात असंच व्हायचं. म्हणून चांदवडहून जरा मागे जाऊ, तेरा-चौदाशे वर्षं. जागा तीच, नाशिकचा परिसर.

पाचव्या शतकात या भागात आणि दक्षिण गुजरातेत त्रैकूटक राजांचं राज्य होतं. त्यांतल्या दह्रसेनाची चांदीची छोटी नाणी मिळतात. मागे तीन कमानींचं, एकावर एक रचल्यासारखं चिन्ह आहे. नाण्यांचे अभ्यासक त्याला कित्येक वर्षं 'चैत्य' म्हणत आले, म्हणजे बौद्ध स्तूप. काहींना तो डोंगर वाटतो. चिन्हावरून निकाल द्यायचा तर दह्रसेन बौद्ध ठरेल. पण त्याच चिन्हाभोवती गोल फिरणारा ब्राह्मी मजकूर त्याला 'परमवैष्णव' म्हणतो. मग हे चिन्ह आलं कुठून? आधीच्या क्षत्रपांच्या नाण्यांवरून, आणि क्षत्रपांकडे ते त्याआधीच्या काळातून. लोकांच्या ओळखीचं होतं म्हणून राहिलं. शंभर वर्षांनी कलचुरी कृष्णराज आला. त्याच्या नाण्यावर बसलेला नंदी आहे आणि 'परममाहेश्वर' हे बिरुद. इथे चिन्ह आणि शब्द एकमेकांना धरून आहेत. कृष्णराजाचे हे रुपये त्याच्यानंतर जवळपास दीडशे वर्षं नाव घेऊन चालले. आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या अंजनेरीच्या ताम्रपटात 'कृष्णराज-रूपक' असा उल्लेख आहे. राजा गेला, घराणं गेलं, नंदीचा रुपया राहिला. तेव्हा तो हातात घेणाऱ्याला शंकर आठवत होता की फक्त चांदीचं वजन?

या प्रश्नाचं उत्तर नाण्यावर कोरलेलं नसतं. ते शोधायला नाणं कुठे गेलं, कोणाकडे ठेवलं, त्यातून काय विकत घेतलं, हे पाहावं लागतं. आणि नाशिकला ते पाहायची सोय आहे, जी भारतात फार थोड्या ठिकाणी आहे.

पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. उषवदात हा नहपान या शक क्षत्रप राजाचा जावई. लेखात तो स्वतःच्या दानांची लांबलचक यादी देतो: देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं, हजारो गाई, तीर्थांच्या ठिकाणी घाट आणि धर्मशाळा, पुष्करला स्नान. आणि हे सगळं सांगून झाल्यावर, हे लेणं बौद्ध भिक्षूंसाठी खोदवलं, असं म्हणतो. आज एखाद्या माणसाने असा बायोडेटा दिला तर आपण विचारू, बाबा रे, तू नेमका कोण? त्याला तो प्रश्न पडलेला दिसत नाही.

पण लेखातला सर्वात मोलाचा भाग पुढे आहे, आणि तो हिशेबाचा आहे. उषवदाताने ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले, आणि तेही कुठे, तर गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे कपड्यासाठी, द्यायचे.

फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. २०००वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना बारा-बारा, २४०. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा ट्रस्टचा ताळेबंद अजून जुळतो. शक राजघराण्यातल्या, ब्राह्मणांना गावं देणाऱ्या माणसाने ठेवलेले पैसे विणकरांनी धंद्यात फिरवायचे, आणि त्यांच्या व्याजातून भिक्षूंच्या अंगावर कपडा यायचा. या साखळीत धर्म आहेच, भरपूर आहे. पण तो नाण्याच्या कोणत्याही बाजूवर नाही. नहपानाच्या नाण्यावर राजाचा चेहरा आहे, त्याच्याभोवती मोडक्या ग्रीक अक्षरांची ओळ, मागे वज्र आणि बाण. त्यावरून वीस भिक्षूंच्या चीवरापर्यंत कोणीही पोचणार नाही.

नंतर सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी. त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राने नहपानाच्या ठशावर स्वतःचा ठसा मारलेला आहे. एका बाजूला तीच तीन कमानींची खूण, दुसऱ्या बाजूला एकमेकांना जोडलेल्या वर्तुळांची, जिला उज्जैनी चिन्ह म्हणतात. त्याने नाणी वितळवली नाहीत. जुन्या राजाचा चेहरा खाली अर्धवट दिसतो, वर नवी खूण. कित्येक नाण्यांवर नाक एकाचं आणि डोंगर दुसऱ्याचा.

गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख तिसऱ्या लेण्यात आहे. त्यात ती मुलाला 'एकब्राह्मण' म्हणते, क्षत्रियांचा गर्व उतरवणारा म्हणते, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निःपात करणारा म्हणते, आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणाराही म्हणते. ही ओळ आजकाल खूप फिरते. ती ज्या लेखात आहे तो लेख मात्र भद्रायणीय बौद्ध भिक्षूंना लेणं दान केल्याचा आहे. ही माहिती ओळीबरोबर फिरत नाही. त्याच लेण्यात गौतमीपुत्राचा एक हुकूमही आहे: जे शेत आतापर्यंत उषवदाताकडे होतं, त्यातलं दोनशे निवर्तनं भिक्षूंना द्या. नाण्यावर जे केलं तेच शेतावर. खालचा मालक पुसट, वरचा नवा, आणि दान पुन्हा डोंगरातल्या भिक्षूंनाच.

नाण्याकडे असं वापराच्या बाजूने बघायला आपल्याला एका माणसाने शिकवलं होतं, आणि मराठी वाचक त्याला जितकं वाचायला हवं तितकं वाचत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी. गणिताचा माणूस. १९४०च्या दशकात त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यांतली प्राचीन चांदीची नाणी घेतली आणि एकेक करून वजन केलं. नाणं जितके हात फिरतं तितकं झिजतं, म्हणून झिजेवरून ते किती काळ चाललं याचा अंदाज लागतो, हा त्यांचा साधा मुद्दा. चिन्हांवरही त्यांनी लिहिलं, पण वजन आधी केलं. नंतर तेच कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पायी फिरून म्हसोबा, बोल्हाई यांची ठाणी जुन्या व्यापारी वाटांवर कशी बसली आहेत ते मांडत होते. देव समजून घ्यायला रस्ता बघा, नाणं समजून घ्यायला झीज बघा, दोन्हींमागे एकच नजर. त्यांची काही अनुमानं पुढे टिकली नाहीत, आणि धर्माच्या आतल्या अनुभवाबद्दल ते फार घाईने बोलतात असं मला वाटतं. तरी तराजू हातात घेतलेल्या माणसाशी वाद घालता येतो. स्क्रीनशॉट घेतलेल्याशी घालता येत नाही.

स्क्रीनशॉटवरून आठवलं. ईस्ट इंडिया कंपनीचा १८१८चा 'एक आणा', त्यावर राम, सीता, हनुमान, कधी ॐ, अशी नाणी आजही हजारो-लाखोंना विकायला निघतात. कंपनीने एक आण्याचं नाणं पाडलंच नाही. एक आण्याचं नाणं आलं ते १९०७मध्ये, सातव्या एडवर्डच्या काळात. हे तुकडे देवळाबाहेर मिळणाऱ्या, देवघरात ठेवायच्या टोकनांच्या जातीचे आहेत. देवघरात ते शोभतात, गडबड होते ती त्यांना पुरावा म्हणून उभं केलं की. गंमत म्हणजे कंपनीने विष्णूची मूर्ती असलेली सोन्याची नाणी खरोखर पाडली होती, मद्रासकडे, पॅगोडा नावाची. तिकडच्या बाजारात सोन्याचं नाणं म्हणजे असंच असतं अशी लोकांची सवय होती म्हणून. खरं नाणं उपलब्ध असताना लोक खोटं पुढे पाठवतात. खऱ्यामागचं कारण बहुधा पुरेसं भक्तिपूर्ण वाटत नसावं.

आणि हे काही जुन्याच नाण्यांचं नाही. २००६च्या सुमारास आलेल्या दोन रुपयांच्या नाण्यावर एकमेकांना छेदणाऱ्या रेषा आणि चार ठिपके होते. सरकारचं म्हणणं, ही विविधतेतली एकता. अनेकांना त्यात ख्रिस्ती क्रूस दिसला, आरडाओरडा झाला, आणि पुढच्या नाण्यांवर हाताच्या मुद्रा आल्या. ज्यांनी त्या काळात त्या नाण्याने चहा प्यायला असेल, त्यांच्यापैकी कितींनी धर्म बदलला?

क्रूस दिसल्यावर दचकणाऱ्यांनी आजीच्या दागिन्यांचा डबा एकदा उघडून पाहावा. पुतळ्यांची माळ हा अस्सल मराठी दागिना. पेशवाईतल्या स्त्रियांपासून आजच्या नऊवारीतल्या नवरीपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात. 'पुतळी' हे मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्याचं आपल्याकडचं नाव. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं हे नाणं १२८४पासून पाचशे वर्षं पडत होतं आणि व्यापारातून कोकणच्या किनाऱ्यावर येत होतं. त्याच्या एका बाजूला संत मार्क उभा आहे आणि त्याच्यासमोर व्हेनिसचा राज्यप्रमुख गुडघे टेकून बसलाय. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेल्या लंबगोलात येशू ख्रिस्त. आपल्या लोकांना त्यात माणसांच्या छोट्या आकृत्या दिसल्या, पुतळ्या दिसल्या, म्हणून पुतळी. मग सोनारांनी तशा चकत्या इथेच ठोकायला सुरुवात केली, आणि ठोकता ठोकता संताची दाढी, झेंड्याची काठी, ताऱ्यांची ओळ हळूहळू नुसती नक्षी होऊन गेली. हळदीकुंकवाला जाणाऱ्या बाईच्या गळ्यात येशू आणि संत मार्क, आणि कोणाचंही काही अडलं नाही.

रुपयाचंही तसंच. चांदीचा जुना रुपया देवघरात लक्ष्मीपूजनाला मांडलेला असतो, त्यावर हळद-कुंकवाचे थर बसलेले असतात. कुठे तो आटवून त्याचा टाक केला जातो, खंडोबाचा किंवा देवीचा. 'गाझी' लिहिलेली चांदी अशी कित्येकदा घोड्यावरच्या खंडोबाचं रूप घेऊन देव्हाऱ्यात बसली असेल. त्यावर कोणी लेख कोरून ठेवत नाही, म्हणून ती संग्रहालयात दिसत नाही.

नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, १९८०मध्ये सुरू झालेली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही नाण्यांचं दालन आहे. कधी गेलात तर काचेमागच्या चकचकीत नाण्यांपाशी फार रेंगाळू नका. कडेला भोक पाडलेलं, कडी लावून काढलेलं, सराफाने छिन्नी मारून तपासलेलं, कुंकू लागून एका बाजूने गुळगुळीत झालेलं नाणं असेल, त्याच्यापाशी थांबा. ते कोणाकोणाच्या हातातून गेलं हे त्यानेच थोडंफार सांगितलेलं असतं. संग्राहकांच्या बाजारात अशा नाण्याला खराब म्हणतात, आणि त्याच्या किमतीला आजही बट्टा लागतो.